कानातला माग थांबत नाही : कर्णनाद, श्रवणयंत्र आणि येऊ घातलेले उपचार

धोटा_कांडी

आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आठ साधे यंत्रमाग होते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, आणि तेव्हापासून गावाची झोप मागांच्या तालावर चालते, असे आमचे आजोबा म्हणत. मी १९९४ पासून चौदा वर्षे त्या शेडमध्ये उभा होतो. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा ठोकळा, या पेटीतून त्या पेटीत आदळतो तो आवाज मिनिटाला शंभराहून अधिक वेळा होतो, आणि आठ माग एकत्र चालू असले की तो आवाज राहत नाही, भिंत होतो. शेडमध्ये कोणी कोणाशी बोलत नसे. बोटाने दाखवायचे, ओठ वाचायचे आणि फारच अडले तर कानाशी तोंड नेऊन ओरडायचे. कानात कापसाचे बोळे घालणाऱ्या एका कामगाराला आम्ही सगळे हसत असू. तो आज साठीत आहे आणि त्याला व्यवस्थित ऐकू येते.

भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली की सगळी गल्ली एका क्षणात मुकी होई, आणि त्या शांततेत मला एक बारीक, सलग 'शीऽऽ' ऐकू येई. मला तो खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज वाटे. वीज गेल्यावर ट्रान्सफॉर्मर कसा वाजेल, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला नाही.

२००८ साली मी माग धाकट्या भावाच्या हवाली केले आणि सूत-विक्रीच्या धंद्यात आलो. २०१३ पर्यंत तो आवाज, ज्याला कर्णनाद म्हणतात, कायमचा मुक्कामाला आला होता. २०१५ साली पहिला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढला, तेव्हा आलेखाची रेघ ४,००० हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती आणि ८,००० पाशी थोडी वर आली होती. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या आलेखाची ही ठरलेली खूण आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. या पट्टीतले ऐकणे गेले की माणसाचा आवाज ऐकू येतो, पण स, श, फ यांसारखी व्यंजने गळून जातात. माझे काय होई ते सांगतो. फोनवर गिऱ्हाईक 'साठ पोती' म्हणे आणि मी 'आठ पोती' लिहून घेई. असे तीनदा झाल्यावर मुलाने फोन स्वतःकडे घेतला.

त्याच वेळी डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवले होते. मी ते आठ वर्षांनी, २०२३ साली घेतले. या चर्चा-मंचावरचा हा धागा त्या आठ वर्षांबद्दल आहे.

सुरुवातीची चार वर्षे लाजेत गेली, त्यात सांगण्यासारखे काही नाही. पुढची चार मात्र आशेत गेली, आणि त्यांचा हिशेब मला अजून लागत नाही. २०१९ च्या सुमारास फ्रिक्वेन्सी थेराप्युटिक्स या अमेरिकी कंपनीच्या एफएक्स-३२२ या औषधाबद्दल वाचनात आले. आपल्या आतल्या कानात, म्हणजे शंखात, आवाज पकडणाऱ्या केसपेशी प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजारच असतात आणि सस्तन प्राण्यांत त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांत आणि लाव्ह्यांत मात्र त्या उगवतात, हे १९८८ साली सिद्ध झाले होते. जे कोंबडीच्या पिल्लाला जमते ते माणसाला का जमू नये, या प्रश्नावर तेव्हापासून लोक काम करत आहेत. एफएक्स-३२२ हे पडद्यातून सुईने मध्यकर्णात सोडायचे होते आणि शंखातल्या सुप्त पेशींना जागे करून त्यांच्याकडून नव्या केसपेशी घडवून घ्यायच्या होत्या. पहिल्या छोट्या चाचणीत काही जणांना शब्द अधिक स्पष्ट कळू लागल्याचे आकडे आले आणि माझ्यासारख्या हजारोंनी श्वास रोखला.

रोज रात्री जेवण झाले की मी तासभर त्या औषधाच्या बातम्या शोधत बसे. पत्नी म्हणे, निदान तोवर यंत्र तरी लावा. मी म्हणे, दोन-तीन वर्षांत औषधच येणार आहे, मग लाखाच्या घरातला हा खर्च कशाला? असे मी २०१९ मध्ये म्हटले, २०२० मध्ये म्हटले आणि २०२१ च्या मार्चपर्यंत म्हणत राहिलो.

त्या मार्चमध्ये दुसऱ्या टप्प्याचा निकाल आला. औषध घेतलेल्यांत आणि नुसते पाणीवजा इंजेक्शन घेतलेल्यांत फरक दिसला नाही. त्याहून मला हलवून गेली ती कंपनीने दिलेली पुढची माहिती. चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी शब्द ओळखण्याचे गुण कमी असणे आवश्यक होते, आणि काही सहभागींचे सुरुवातीचे गुण त्यांच्याच जुन्या वैद्यकीय नोंदींपेक्षा संशय यावा इतके कमी भरले होते. म्हणजे प्रवेश मिळावा म्हणून, जाणूनबुजून किंवा नकळत, लोक आहेत त्याहून बहिरे झाले असावेत. साहजिकच पुढे पाण्याच्या इंजेक्शननेही ते 'सुधारले'. मी त्यांना नावे ठेवणार नाही. मी तिथे असतो तर मीही साठला आठच म्हटले असते.

कंपनीने ती पळवाट बंद करून पुन्हा चाचणी घेतली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तिचाही निकाल नकारार्थी आला. काम तिथेच थांबले. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी कानामागे बसणारी दोन यंत्रे घेतली, दोन्ही मिळून ७८,००० रुपयांना.

दुकानातून बाहेर पडून स्कूटर सुरू केली, वळणावर इंडिकेटर दिला आणि काहीतरी टिकटिकू लागले. मी गाडी बाजूला घेऊन चाक तपासले. मग लक्षात आले की ती इंडिकेटरचीच टिकटिक होती, आणि रस्त्यावरचे लोक इतकी वर्षे माझ्याकडे पाहून हात हलवून 'अहो, इंडिकेटर!' असे का ओरडत होते तेही लक्षात आले.

कानातला आवाज गेलेला नाही. हे लिहितानाही तो आहे. पण यंत्र कानात असताना तो खोलीतल्या इतर आवाजांत एक होऊन बसतो, आणि रात्री यंत्र काढले की पुन्हा एकटा उरतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी आपण कशाची वाट पाहत आहोत आणि त्या वाटेवर काय लांबणीवर टाकले आहे ते लिहावे, अशी विनंती आहे. नवे उपचार खरोखर कुठवर आले आहेत हे जाणकारांनी सांगितल्यास फार बरे होईल.

रातकिडा

मी चौतीस वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मला हा त्रास सुरू होऊन सात महिने झाले आहेत. ऑडिओग्राम जवळजवळ निर्दोष आहे, त्यामुळे घरच्यांना मी नाटक करतो असे वाटते. तीन डॉक्टर झाले. एकांनी 'सवय करून घ्या' असे सांगून चार मिनिटांत बाहेर पाठवले. दुसऱ्यांनी गिंको बिलोबा या झाडाच्या अर्काच्या गोळ्या तीन महिने दिल्या. आईच्या आग्रहाने कानात कोमट तेलही सोडून झाले.

धागाकर्त्यांचा अनुभव मी आदराने वाचला, पण एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. तुम्ही साठीकडे झुकलेले असाल. मला अजून चाळीस वर्षे या आवाजासोबत काढायची आहेत. माझ्याकडे आशेखेरीज काही नाही, आणि तुमचे लेखन वाचून तीही कोणीतरी हातातून काढून घेतल्यासारखे वाटले. रात्री दोन-अडीचला जेव्हा इतके वाईट विचार येतात की ते इथे लिहिता येत नाहीत, तेव्हा मी नव्या चाचण्यांच्या बातम्याच वाचतो. त्या नसत्या तर काय केले असते ते मला ठाऊक नाही.

श्रवणा

मी गेली अठरा वर्षे ऑडिओलॉजिस्ट म्हणून मुंबईत काम करते. रातकिडा, सर्वप्रथम तुमच्याशी बोलते. रात्री येणाऱ्या विचारांत जीव नकोसा होत असेल तर कृपया १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. याला कमीपणा मानू नका. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी पहिल्या वर्षातले रुग्ण सर्वाधिक खचलेले असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा त्रास पुढच्या वर्ष-दीड वर्षात उतरतो. आवाज तसाच राहूनही त्रास उतरतो, आणि ही गोष्ट सात महिन्यांच्या मुक्कामावरून दिसत नाही.

आता ऑडिओग्राम निर्दोष असण्याबद्दल. २००९ साली हार्वर्डशी संलग्न असलेल्या संशोधकांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांचे ऐकणे पूर्ववत झाले, पण केसपेशी आणि श्रवणचेता यांच्यामधले सांधे उच्च पट्टीच्या भागात निम्म्याच्या आसपास कायमचे तुटलेले आढळले. आपला नेहमीचा ऑडिओग्राम 'सर्वांत हळू कोणता आवाज ऐकू येतो' एवढेच विचारतो, आणि त्यासाठी शिल्लक राहिलेले सांधे पुरतात. तुमच्या बाबतीत हेच झाले आहे असे मी तपासल्याशिवाय म्हणणार नाही, परंतु निर्दोष आलेख म्हणजे नाटक, हा निष्कर्ष चुकीचा आहे एवढे घरच्यांना जरूर सांगा.

हा आवाज बहुतेक वेळा कानात तयार होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. कानाकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदू आपला आवाज वाढवण्याचा खटका फिरवतो, जसा आपण दूरच्या स्टेशनसाठी रेडिओचा फिरवतो, आणि मग खरखरही वाढते. म्हणूनच ज्यांचे ऐकणे कमी झाले आहे त्यांना यंत्राने माहिती पुन्हा मिळू लागली की अनेकदा आराम पडतो, जो धोटा_कांडी यांना पडला. चाचणीत रुग्णाला त्याच्या आवाजाशी जुळणारा आवाज शोधायला सांगितला तर तो त्याच्या ऐकण्याच्या उंबरठ्यापेक्षा बहुधा दहाएक डेसिबलनेच वर भरतो. मी आकडा दाखवते तेव्हा काही रुग्ण रागावतात, कारण एवढ्याशा आवाजाने आपले आयुष्य खाल्ले हे त्यांना पटत नाही. छळ खराच असतो. तो आवाजाच्या उंचीत मावत नाही एवढेच.

गिंकोबद्दल अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की कर्णनादासाठी गिंको, मेलाटोनिन, झिंक यांची शिफारस करू नये. वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यातही गिंकोचा फायदा दिसला नाही. सुश्रुतसंहितेत अठ्ठावीस कर्णरोगांत कर्णनादाची गणना आहे, म्हणजे आजार आपल्याकडे नवा नाही. तथापि पडद्याला छिद्र आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कानात तेल सोडणे धोक्याचे आहे आणि त्याचे परिणाम मी दर महिन्याला पाहते.

कोणी थांबू नये अशा तीन अवस्था सांगून ठेवते. एक कान अचानक, तासाभरात किंवा रात्रीतून बंद झाला तर ती तातडीची अवस्था असते. सर्दीने दडे बसले असतील म्हणून आठवडे घालवू नयेत, कारण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दिवसांतच होतो आणि दोन आठवड्यांनंतर झपाट्याने घटतो. आवाज एकाच कानात असेल तर एमआरआयची गरज आहे का हे विचारावे. आणि आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर तो वेगळाच प्रकार आहे.

यंत्राच्या किमतीमुळे जे थांबले आहेत त्यांनी वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेत चौकशी करावी. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळू शकते. रांग असते, पण माणसे चांगली आहेत.

नाडीचा_ठोका

श्रवणाताईंच्या शेवटच्या मुद्द्याला माझे उदाहरण जोडते. मला उजव्या कानात 'हुश्श, हुश्श' असा आवाज येई. मनगटावर बोट ठेवून पाहिले तर तो नाडीशी तंतोतंत जुळे. दीड वर्ष मला सर्वांसारखेच 'सवय करा' सांगितले गेले. अखेर एका तरुण डॉक्टरांनी साधे रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ६.८ निघाले. लोहाची इंजेक्शने सुरू झाली आणि चार महिन्यांत आवाज गेला. प्रत्येकाचे कारण इतके सरळ नसते, काहींना डोक्यातल्या रक्तवाहिन्यांची तपासणी लागते, हे मला माहीत आहे. पण नाडी तपासायला पैसे लागत नाहीत.

अॅनआर्बरकर

नव्या उपचारांबद्दल विचारणा झाली म्हणून लिहितो. मी वैद्यकातला नाही, वाहन-उद्योगातला अभियंता आहे, आणि माझा कर्णनाद कारखान्यातल्या प्रेसची देणगी आहे. मिशिगन विद्यापीठ माझ्या घरापासून वीस मिनिटांवर असल्याने तिथल्या संशोधक सुसान शोअर यांच्या कामाकडे मी अनेक वर्षे डोळे लावून बसलो आहे.

त्यांचे म्हणणे असे की मेंदूच्या बुंध्यात जिथे कानाची चेता पोचते तिथेच चेहरा, जबडा आणि मान यांच्या संवेदनाही पोचतात. कर्णनादात तिथल्या पेशी एकाच वेळी, गरजेपेक्षा जास्त धडधडू लागतात. त्यांच्या यंत्रात रुग्णाच्या आवाजाशी जुळवलेला ध्वनी कानात सोडतात आणि ठरावीक सूक्ष्म अंतराने गालावर किंवा मानेवर सौम्य विद्युत्-स्पंद देतात, म्हणजे त्या पेशींची लय मोडते. २०२३ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९९ जण होते, रोज अर्धा तास, सहा आठवडे, आणि प्रत्येकाला केव्हातरी खरा व केव्हातरी नुसता ध्वनीचा उपचार मिळाला. खऱ्या उपचाराच्या काळात आवाज आणि त्रास दोन्ही लक्षणीय घटले.

इथे एक मेख आहे. त्या चाचणीत केवळ असेच लोक घेतले होते ज्यांचा आवाज जबडा किंवा मान हलवल्यावर बदलतो. वाचणाऱ्यांनी आत्ताच जबडा घट्ट आवळून पाहावा, खालचा जबडा पुढे काढून पाहावा. माझी पट्टी जबडा पुढे काढला की एका सुराने चढते. हे कळले त्या दिवशी मी आनंदाने इतका जबडा काढत बसलो की दुसऱ्या दिवशी जेवता येईना. हे यंत्र अजून माझ्या हाती आलेले नाही. यादीत नाव घातले आहे, त्यापलीकडे काही झालेले नाही.

जे बाजारात आहे ते डब्लिनच्या न्यूरोमॉड कंपनीचे लेनिअर. त्यात हेडफोनमधून ध्वनी आणि जिभेच्या टोकावर विद्युत्-स्पंद असतात, आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्याला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाची परवानगी मिळाली. अभियंता म्हणून माझी तक्रार अशी की ३२६ जणांच्या त्यांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत सर्व गटांना उपचारच दिला होता. खोट्या उपचाराचा गट नव्हता. नंतरच्या चाचणीत आधी सहा आठवडे फक्त ध्वनी आणि मग सहा आठवडे दोन्ही असे केले, आणि मध्यम किंवा त्याहून अधिक त्रास असलेल्यांत जोडीचा फायदा जास्त दिसला. म्हणजे काहीतरी आहे, पण किती आहे हे सांगायला मी माझे हजारो डॉलर अजून खर्च केलेले नाहीत.

औषधांचा इतिहास मात्र निराशेचाच आहे. ऑरिस मेडिकलचे मध्यकर्णात सोडायचे एस्केटामाइन तिसऱ्या टप्प्यात २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये पडले. ओटोनॉमीचे ओटो-३१३ छोट्या चाचणीत चमकले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या चाचणीत पडले, त्या पाठोपाठ कंपनीही गेली. दरवेळी तेच घडते : पाण्याचे इंजेक्शन घेतलेलेही सुधारतात.

जनुकीय उपचाराच्या बातम्या अनेकांना आल्या असतील. २०२४ च्या जानेवारीत शांघायच्या चाचणीत जन्मतः बहिऱ्या सहा मुलांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. ते खरे आहे आणि थक्क करणारे आहे. पण त्या मुलांत ओटॉफ नावाच्या एकाच जनुकात दोष होता.

धोटा_कांडी

अॅनआर्बरकर, या शेवटच्या मुद्द्यासाठी माझ्याकडे आमच्या धंद्यातले उदाहरण आहे. त्या मुलांच्या शेडमध्ये माग, म्हणजे केसपेशी, नवे कोरे होते, सूत भरलेले होते, फक्त मोटारीचा पट्टा बसवलेला नव्हता. तो बसवला आणि माग चालू झाले. माझ्या कानाच्या शेडमधले माग झिजून भंगारात गेले आहेत. पट्टा कशावर चढवणार? ही बातमी आली त्या दिवशी मला सात जणांनी व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि सातही जणांना मी हेच लिहिले.

रातकिडा यांना. तुमचा राग मला पोचला. मी वाट पाहू नका असे म्हटले नाही, तसे वाचले गेले असेल तर दोष माझ्या लिहिण्याचा आहे. मी आजही वाट पाहतो. शोअरबाईंचे यंत्र कोल्हापुरात आले तर पहिल्या दिवशी रांगेत मी असेन, जबडा पुढे काढून. पण माझ्या आशेला तारीख नव्हती. दिवाळीपर्यंत पैसे देतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही दिवाळीनंतर माल देत नाही. त्या औषधाला मात्र मी चार वर्षे उधारीवर माल देत राहिलो, आणि तो माल म्हणजे नातवाचे बोलायला शिकणे होते. त्याचे पहिले वर्ष मी ओठ वाचून काढले. लहान मुलाचे ओठ वाचता येत नाहीत.

आता मी एवढेच करतो की बातम्या महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी सकाळी वाचतो. रात्री मुळीच नाही. रात्रीच्या वाचनानंतर आवाज वाढलेला असे, हे मी वहीत तीन आठवडे नोंद करून पाहिले आहे. तुमच्याकडे हे वेगळे असू शकेल, तरी नोंद करून पाहा.

खडू_फळा

मी निवृत्त शिक्षिका आहे, साताऱ्याला असते, आवाज एकोणीस वर्षांचा आहे. माझा हिवाळा वाईट जातो आणि त्याचे कारण हास्यास्पद आहे. उन्हाळा-पावसाळा डोक्यावर पंखा फिरत असतो, त्याच्या घरघरीत माझी शिट्टी बुडून जाते. डिसेंबर आला की पंखा बंद आणि शिट्टी चालू. शेवटी मी एक छोटा टेबलफॅन घेतला आणि तो भिंतीकडे तोंड करून लावते. यजमान म्हणतात, घरी आलेल्यांना वाटते आपण भिंत वाळवतोय.

आवाज पूर्ण झाकायचा नाही, त्याच्या जरा खाली दुसरा आवाज ठेवायचा, असे मला शिकवले गेले. संशोधक जास्ट्रेबॉफ यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीचा तो भाग आहे, असे नंतर कळले.

पण मला खरा उतार पडला तो विचारांच्या उपचाराने. मार्गदर्शक सूचनांत ज्याची शिफारस होते ती सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी), म्हणजे आपल्याकडे मानसोपचारक कि. मो. फडके यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या ज्या विवेकनिष्ठ पद्धतीची मराठी वाचकांना ओळख करून दिली तिची जवळची नातलग. हा उपचार देणाऱ्या एका बाईंकडे मी दहा बैठका गेले. पहिल्या बैठकीत त्यांनी मला आवाज आला की मनात येणारे वाक्य लिहायला सांगितले. मी लिहिले, 'हा आवाज थांबलाच पाहिजे, नाहीतर मला वेड लागेल.' त्यांनी फक्त विचारले, 'किती वर्षे झाली?' तेव्हा सहा झाली होती. 'वेड लागले का?' मी हसले आणि मग रडले. 'थांबलाच पाहिजे'मधला 'च' खोडायला मला उरलेल्या नऊ बैठका लागल्या.

२०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २८ चाचण्या पाहून हेच म्हटले आहे की या उपचाराने कर्णनादाचा जगण्यावरचा परिणाम कमी होतो. आवाज कमी होतो असे कोणी म्हणत नाही, आणि माझाही झालेला नाही.

रातकिडा, एक जुना प्रयोग तुम्हाला आवडेल. १९५३ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते विचारले. ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, रातकिडे असे काही ना काही ऐकू आल्याचे सांगितले. तुमचे टोपणनाव वाचून तो आठवला.

रातकिडा

सर्वांचे आभार. १४४१६ ला फोन केला. लिहिण्याइतके एवढेच. जबडा आवळला तर माझाही आवाज बदलतो, आणि आता यादीत नाव घालायचा मोह आवरत नाही. घालेन, पण पहिल्या रविवारी. श्रवणाताई, बैठका घेणारे कोणी पुण्यात सुचवू शकाल का?

श्रवणा

व्यक्तिगत निरोपातून दोन नावे पाठवली आहेत. यादीत नाव जरूर घाला, त्यात काही बिघडत नाही.

ताशा_दुसरी_रांग

मी कर्णनादाचा रुग्ण नाही, निदान अजून नाही. पुण्यातल्या एका पथकात ताशा वाजवतो. सरावानंतर तास-दोन तास कानात 'कुंईऽ' असा आवाज राहतो आणि सकाळपर्यंत जातो. आतापर्यंत आम्ही सगळे याला 'कान तापले' म्हणायचो. धागा वाचल्यावर झोप लागली नाही. कानात बोळे घातले तर ठेका ऐकू येईल का? आणि कुठले घ्यायचे?

श्रवणा

८५ डेसिबलमध्ये आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे लोक दरवर्षी मोजणी करतात आणि आकडा शंभराच्या आसपास येतो. तुम्ही तर ताशाच्या वर कान ठेवून उभे असता. सकाळी 'कुंई' गेली म्हणजे सगळे गेले असे नसते, ते उंदरांचे वर लिहिलेच आहे.

कापसावर विसंबू नका, तो आवाज फार कमी अडवतो. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे पन्नासेक रुपयांना जोडी मिळतात. बोटांत लाटून बारीक वात करा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, वात आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बाहेर लोंबत असेल तर बसलेला नाही. वादकांसाठी सर्व पट्ट्या सारख्या कमी करणारे बोळेही मिळतात, ते महाग आहेत, पण ठेका त्यांत अधिक स्वच्छ कळतो.

धोटा_कांडी

भावाच्या शेडमध्ये मी गेल्या वर्षी असे शंभर जोड नेऊन ठेवले. कामगार म्हणाले, बोळा घातला तर धोटा अडखळलेला कळणार नाही, धागा तुटलेला कळणार नाही. एकाने घालून पाहिला आणि दुपारी येऊन म्हणाला की धोटा उलट जास्त कळतो, बाकीचा गोंगाट खाली बसतो. त्याच्यामुळे आता नऊ जण घालतात. ते एकूण बावीस आहेत.

ताशा_दुसरी_रांग

काल सरावाला लावून गेलो. पहिली दहा मिनिटे माझा ताशा शेजारच्या वाड्यात वाजतोय असे वाटले, मग हात बसला. ठेका सुटला नाही. घरी आल्यावर गच्चीत जाऊन मुद्दाम दहा मिनिटे गप्प बसलो. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी नळ ठिबकत होता, तो ऐकू आला. बोळ्यांच्या अजून तीन जोड्या आज घेतल्या, ढोलाच्या रांगेतल्या दोघांनी मागितल्या आहेत.